डिझेल पिकअपची इंधन-गाळणी : निवड, निगा आणि सुधारणा

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्यात उतरणारी भाजी, गोव्याच्या किनाऱ्यावरून घाटमाथ्याकडे जाणारी मासळी, गावोगावच्या संस्थांतून निघणारे दुधाचे कॅन, खताची पोती आणि बांधकामाचे सामान यांची ने-आण आज मोठ्या प्रमाणावर डिझेलवर चालणाऱ्या लहान पिकअप गाड्यांतून होते. अशी गाडी बहुधा कर्ज काढून घेतलेली असते. ती चढणीवर बंद पडली की माल नासतो, फेरी बुडते आणि बँकेचा हप्ताही डोक्यावर बसतो. गाडी बंद पडण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी सहज टाळता येण्यासारखे एक कारण म्हणजे इंजिनाकडे जाणारे अस्वच्छ डिझेल होय. इंजेक्टर आणि उच्चदाब पंप निकामी झाल्यास येणारा खर्च हा चांगल्या गाळणीच्या, म्हणजेच डिझेल फिल्टरच्या, किमतीच्या कितीतरी पट असतो. म्हणून ही गाळणी काय काम करते, ती कशी पारखावी आणि तीत सुधारणा करावयाची झाल्यास कोणती पथ्ये पाळावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुने इंजिन आणि नवे इंजिन

जुन्या डिझेल इंजिनात पंप डिझेल नोझलकडे ढकलत असे आणि साधारण २०० बार दाबाला नोझल उघडत असे. आजच्या ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या इंजिनात मात्र डिझेल एका जाड नळीत १,६०० ते २,००० बारपर्यंत जाणाऱ्या दाबाखाली साठविलेले असते आणि तेथून ते विद्युत-नियंत्रित इंजेक्टरांना पुरविले जाते. १,६०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १,६०० किलोग्रॅमचा भार. एवढा दाब टिकवावयाचा तर पंपाच्या व इंजेक्टरच्या सरकत्या भागांमधील फट अत्यंत सूक्ष्म ठेवावी लागते. ती अवघी दोन ते पाच मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर ही फट किती लहान आहे याची कल्पना येईल.

१ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज–६’ ही मानके लागू झाली. या मानकांनुसार डिझेलमधील गंधकाचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणण्यात आले. ‘भारत स्टेज–३’ मध्ये हीच मर्यादा ३५० मिलिग्रॅम होती. हवेच्या दृष्टीने हा बदल हितकारक आहे. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील काही नैसर्गिक वंगणघटकही निघून जातात आणि त्यांची उणीव भरून काढण्यासाठी त्यात निराळे पदार्थ मिसळावे लागतात. डिझेल हेच या पंपाचे वंगण असल्यामुळे त्यात रॉकेलची भेसळ झाली अथवा पाणी शिरले, तर सूक्ष्म फटीतील तेलाचा थर तुटून धातूवर धातू घासला जातो. सारांश, जे डिझेल जुन्या इंजिनाने निमूटपणे पचविले असते, ते नव्या इंजिनाला चालत नाही.

दोन शत्रू : धूळ आणि पाणी

धुळीतील वाळूचे कण पोलादालाही ओरखडा पाडू शकतात. कोकण-गोव्यातील जांभ्याची तांबडी धूळ काय किंवा माळव्यातील काळ्या जमिनीची धूळ काय, ती टाकीच्या झाकणातून, हवा घेण्याच्या छिद्रातून अथवा मळक्या नरसाळ्यातून डिझेलमध्ये शिरते. डोळ्यांना दिसणारे मोठे कण गाळणीत सहज अडकतात. खरा धोका चार ते दहा मायक्रॉनच्या, नजरेस न पडणाऱ्या कणांचा असतो, कारण ते त्या सूक्ष्म फटीत अडकतात किंवा शिरून घासत राहतात.

येथे एक हिशेब उपयोगी पडेल. देशातील मानकानुसार एक किलो डिझेलमध्ये जास्तीत जास्त २४ मिलिग्रॅम एवढी घन घाण चालते. लिटरला १२ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला २०,००० किलोमीटरसाठी सुमारे १,६७० लिटर, म्हणजे जवळजवळ १,३९० किलो डिझेल लागते. कमाल मर्यादा धरल्यास एवढ्या डिझेलबरोबर सुमारे ३३ ग्रॅम घाण येऊ शकते. डिझेल नियमात बसणारे असूनही एवढी घाण गाळणीच्या पदरी पडू शकते. भेसळीचे किंवा निष्काळजीपणे साठविलेले डिझेल असेल, तर तिच्यावरील भार आणखी वाढतो.

पाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. मानकानुसार किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते. ५० लिटरच्या टाकीत हे पाणी आठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीडएक चहाचा चमचा भरते. त्यातील काही डिझेलमध्ये विरघळलेले असते. दिवसा डिझेल तापले की ते अधिक पाणी सामावून घेते आणि रात्री गार झाले की तेच पाणी थेंबरूपाने वेगळे होते. टाकी अर्धी रिकामी असल्यास आतील दमट हवेतील बाष्पही थंड पत्र्यावर साचते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, लोखंड गंजविते आणि पाणी व डिझेल जेथे एकमेकांस भिडतात तेथे बुरशी व सूक्ष्मजंतू वाढू देते. त्यांच्यापासून होणारा काळपट, बुळबुळीत साका गाळणीचा कागद थोड्याच दिवसांत बुजवून टाकतो. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात पावसाळ्याचे चार महिने याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

गाळणीची रचना

बहुतेक गाळण्यांत राळ चढविलेल्या खास कागदाच्या बारीक घड्या गोलाकार बसविलेल्या असतात. चांगल्या प्रतीच्या गाळणीत या कागदावर कृत्रिम तंतूंचा किंवा काचतंतूंचा थर असतो. घड्या घालण्याचा हेतू असा की, लहान जागेत जास्तीत जास्त कागद मावावा. समजा, एका गाळणीत २ सेंटिमीटर खोल व ८ सेंटिमीटर उंच अशा ६० घड्या आहेत. प्रत्येक घडीला दोन बाजू असल्याने कागदाचे क्षेत्रफळ १,९२० चौरस सेंटिमीटर होईल. त्याच डब्यात ४० घड्याच घातल्या, तर ते १,२८० चौरस सेंटिमीटर होईल. डबा बाहेरून तोच दिसतो, पण घाण धरून ठेवण्याची कुवत साधारण एक-तृतीयांशाने कमी होते. नकली गाळणी स्वस्त का मिळते, याचे एक उत्तर या हिशेबात आहे.

पाणी वेगळे करण्यासाठी गाळणीत दोन गोष्टी घडतात. सूक्ष्म थेंब तंतूंवर एकत्र येऊन मोठे होतात, आणि पाणी न शोषणाऱ्या थराला अडून ते खालच्या वाटीत उतरतात. या वाटीला पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. अनेक नव्या गाड्यांत पाण्याची सूचना देणारा दिवाही असतो. मात्र डिझेलमध्ये मिसळलेली काही द्रव्ये आणि जैवडिझेल यांच्यामुळे पाण्याचे थेंब अधिक बारीक राहतात व सहजी एकत्र येत नाहीत. त्यामुळे जुन्या धर्तीची साधी कागदी गाळणी आजच्या डिझेलातील पाणी पुरेसे अडवू शकत नाही.

‘मायक्रॉन’चा आकडा कसा वाचावा?

दुकानात गाळणी मागितली की ‘ही पाच मायक्रॉनची आहे’ असे सांगण्यात येते. परंतु पाच मायक्रॉनचे किती कण ती अडविते, हे कळल्याशिवाय या आकड्याला फारसा अर्थ नाही. यासाठी ‘बीटा’ हे गुणोत्तर वापरतात. गाळणीपूर्वीच्या कणांची संख्या भागिले गाळणीनंतरच्या कणांची संख्या म्हणजे बीटा. समजा, पाच मायक्रॉन व त्याहून मोठे १०,००० कण गाळणीकडे आले, तर—

बीटा २ असल्यास ५,००० कण पार जातात, म्हणजे निम्मेच अडतात;
बीटा ७५ असल्यास सुमारे १३३ कण पार जातात;
बीटा २०० असल्यास ५० कण पार जातात;
बीटा १,००० असल्यास केवळ १० कण पार जातात.

या चारही गाळण्यांना ‘पाच मायक्रॉन’ म्हणता येते, हे ध्यानात घ्यावे. डिझेल गाळणीची ही क्षमता मोजण्याची पद्धत आय.एस.ओ. १९४३८ या आंतरराष्ट्रीय मानकात आणि पाणी वेगळे करण्याची क्षमता मोजण्याची पद्धत आय.एस.ओ. १६३३२ या मानकात दिली आहे. गाळणीच्या माहितीपत्रकात या मानकांचा उल्लेख आणि आकडे दिलेले असतील, तर तुलना करता येते. नुसता ‘अति सूक्ष्म’ किंवा ‘हेवी ड्यूटी’ असा मजकूर छापलेला असल्यास त्यावरून काहीच ठरविता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेतील आकडे स्थिर प्रवाहावर मिळतात. रस्त्यावर गाडीचे हादरे आणि प्रवाहातील चढउतार यांमुळे अडकलेले काही कण सुटून पुढे जातात. म्हणून कागदाइतकेच महत्त्व त्याच्या मजबूत चिकटजोडाला व सीलला आहे.

अस्सल आणि नकली

नकली गाळणीतील सर्वांत मोठा दोष बहुधा कडेला आढळतो. कागद आणि टोकाची तबकडी यांचा जोड सुटलेला असेल, किंवा रबरी वायसर कडक असेल, तर डिझेल कागदातून न जाता त्या फटीतून थेट पुढे जाते. अशा वेळी गाळणी कधीच तुंबत नाही आणि मालकाला वाटते की, ही फार दिवस टिकणारी आहे. लवकर न तुंबणे हे चांगुलपणाचे लक्षण नव्हे.

खरेदी करताना गाडीच्या पुस्तिकेतील भाग-क्रमांक जुळवून पाहावा. अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी करून पावती घ्यावी. वेष्टनावरील छपाई, उत्पादनाचा महिना व बॅच-क्रमांक तपासावा. जुनी गाळणी काढल्यावर ती फेकण्यापूर्वी नवीसोबत ठेवून घड्यांची दाटी, वजन आणि वायसर यांची तुलना करावी. नकली मालाची शंका आल्यास पावती व वेष्टन जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदविता येते.

जादा गाळणी बसवावी काय?

मूळ गाळणीच्या जोडीला आणखी एक गाळणी बसवून घेण्याकडे काही वाहनधारकांचा कल असतो. ही कल्पना नवी नाही. जुन्या ट्रॅक्टरांवरही एकापुढे एक अशा दोन गाळण्या असत. पहिली जाड घाण धरी व दुसरी बारीक. हीच विभागणी पिकअपवरही योग्य ठरते. जादा गाळणी बसवावयाचीच असेल, तर ती १० ते ३० मायक्रॉनची, पाणी वेगळे करणारी आणि टाकी व मूळ गाळणी यांच्या दरम्यान असावी. त्यामुळे पाणी व मोठी घाण आधीच अडते आणि मूळ गाळणी आपले बारीक काम नीट करू शकते.

तथापि, पुढील पथ्ये पाळली नाहीत तर या सुधारणेपासून लाभापेक्षा हानीच अधिक होते.

(१) या जागी अति बारीक गाळणी लावू नये. ज्या गाड्यांत पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, तेथे ओढीच्या मार्गात अडथळा वाढला की पंप उपाशी राहतो आणि चढणीवर गाडी दम सोडते.

(२) नळीचा आतील व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा. नळी डिझेलला टिकणारी असावी आणि प्रत्येक जोडावर योग्य क्लॅम्प असावा. ओढीच्या बाजूला बारीक भोक पडल्यास डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे हा दोष लवकर सापडत नाही.

(३) ज्या गाडीच्या टाकीतच विद्युत पंप आहे, तेथे नळीत दाब असतो. तेथे त्या दाबाला योग्य अशीच गाळणी लागते.

(४) गाळणी सायलेन्सरपासून दूर, चासीवर पक्की व दगडांच्या माऱ्यापासून सुरक्षित बसवावी.

(५) तांब्याचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले जोड वापरू नयेत. या धातूंमुळे डिझेल लवकर खराब होते व इंजेक्टरच्या तोंडाशी थर जमतो.

(६) उच्चदाब पंपाच्या पुढील मार्गात कोणताही बदल कदापि करू नये.

(७) गाडी हमीच्या मुदतीत असल्यास कंपनीच्या अधिकृत केंद्राकडून लेखी संमती घेतल्याशिवाय फेरफार करू नये.

वरील अटी पाळणे शक्य नसल्यास जादा गाळणीच्या भरीस न पडता मूळ गाळणी अस्सल ठेवणे, ती वेळेवर बदलणे आणि पाणी नियमित सोडणे, हीच सर्वांत चांगली सुधारणा समजावी.

बदलताना घ्यावयाची काळजी

गाळणी बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते ओलांडू नये. उगाच वारंवार बदलण्यातही लाभ नाही. वापरातील गाळणीवर घाणीचा थर बसला की काही काळ ती अधिकच बारीक गाळते आणि प्रत्येक बदलाच्या वेळी बाहेरची धूळ आत जाण्याची संधी मिळते. मात्र चढणीवर ओढ कमी होणे, सकाळी इंजिन उशिरा सुरू होणे, चालता चालता धक्के बसणे अथवा सूचक दिवा लागणे ही लक्षणे दिसताच तपासणी करावी.

काम सुरू करण्यापूर्वी गाळणीभोवतालची जागा पुसून घ्यावी. नवी गाळणी वेष्टनातून अगदी शेवटी काढावी. तीत कॅनमधील डिझेल ओतून ती भरण्याची सवय अनेक मिस्त्रींना आहे. ती सोडून द्यावी. मधल्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळताच स्वच्छ बाजूला पोहोचते. त्याऐवजी हँड प्रायमरने किंवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे डिझेल भरून हवा काढावी.

येथे सुरक्षिततेची एक गोष्ट ठासून सांगणे अगत्याचे आहे. जुन्या इंजिनात हवा काढण्यासाठी नोझलचा नट सैल करीत असत. कॉमन रेल इंजिन चालू असताना असे मुळीच करू नये. त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, परंतु आतील भाग सडून बोट किंवा हात गमवावा लागण्याचा धोका असतो. असे घडल्यास वेदना नसली तरी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत शिरले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

वाटीतील पाणी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि दिवा लागल्यास लगेच सोडावे. निघालेले पाणीमिश्रित डिझेल व जुनी गाळणी शेतात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये.

पिंपातील साठा

बाजारपेठेपासून दूर असलेल्या गावांत डिझेल पिंपात साठविले जाते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. रात्री पिंप गार झाले की आतील हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट दिसत असले तरी असे घडते. म्हणून पिंप छपराखाली ठेवावे, किंवा आडवे ठेवून दोन्ही बुचे एका पातळीत राहतील असे पाहावे. पिंप हलविल्यावर डिझेल निदान एक दिवस स्थिर राहू द्यावे. हातपंपाची नळी तळापासून सात-आठ सेंटिमीटर वर ठेवावी व तळाचे डिझेल गाडीत भरू नये. कापडातून गाळलेले डिझेल स्वच्छ झाले, असा समज करून घेऊ नये. कापडाची छिद्रे त्या घातक कणांच्या कितीतरी पट मोठी असतात आणि कापडाचे तंतूही डिझेलमध्ये उतरतात. गाडी दिवसाचे काम संपवून उभी करताना टाकी शक्यतो भरलेली ठेवावी.

कार्यालयांसाठी व शिक्षकांसाठी

शासकीय व सहकारी संस्थांच्या वाहनांसाठी गाळण्यांची दरपत्रके मागविताना केवळ किमान दर हा निकष ठेवू नये. भाग-क्रमांक, कोणत्या आकाराच्या कणांसाठी किती टक्के क्षमता, पाणी वेगळे करण्याची चाचणी आणि बॅच-क्रमांक यांचा उल्लेख बंधनकारक करावा. वाहनाच्या नोंदवहीत गाळणी बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि वाटीतून निघालेल्या पाण्याचे प्रमाण लिहावे. एखाद्या ठिकाणचे डिझेल भरल्यानंतर पाण्याचे प्रमाण वाढत असेल, तर ते या नोंदीवरून लगेच ध्यानात येईल.

शाळेत हा विषय सोप्या प्रयोगाने शिकविता येईल. डिझेलऐवजी खाद्यतेल वापरावे. काचेच्या बाटलीत तेल, रंगीत पाणी व चिमूटभर बारीक माती घालून ती हलवावी आणि स्थिर ठेवावी. पाणी व माती तळाशी कशी बसतात आणि किती वेळ घेतात, हे विद्यार्थ्यांना मोजावयास सांगावे. दुसऱ्या बाटलीत साबणाचे दोन थेंब टाकून तोच प्रयोग करावा. तेथे पाणी वेगळे होण्यास बराच वेळ लागेल. आजच्या डिझेलातील पाणी वेगळे करणे का कठीण झाले आहे, हे त्यावरून समजेल. घड्या घातलेल्या कागदाचे क्षेत्रफळ काढणे आणि बीटावरून टक्केवारी काढणे, ही गणितेही त्याच तासाला घेता येतील.

घाटातून रोज माल वाहणाऱ्या गाडीच्या मालकाने या लेखातील सर्व मानके पाठ करण्याचे कारण नाही. स्वच्छ जागी डिझेल भरणे, आठवड्याला पाणी सोडणे, पावतीसह अस्सल गाळणी घेणे आणि ती बदलल्याची तारीख लिहून ठेवणे, एवढ्या चार गोष्टी त्याने नेमाने केल्या, तरी पंप व इंजेक्टर यांच्या मोठ्या खर्चापासून तो पुष्कळ अंशी बचावू शकेल.